माळवदावरची माती



या ज्युबिलीच्या निमित्ताने आम्ही चार शब्द बोलावेत असे ठरले, तेव्हा आम्हांस सुचवलेला विषय ‘कुटुंबसंस्था’ हा होता. विषय मोठा आहे आणि त्यावर बोलणारे आमच्याहून विद्वान लोक येथे बसलेले आहेत. म्हणून आम्ही आमच्या घराची एक गोष्टच सांगणार आहो. ती आहे माळवदाच्या दुरुस्तीची. सभेत सांगण्याजोगी वाटली नाही, तर वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी.

आमचे गाव आळंद तालुक्यातले. घरात मराठी, वेशीपाशी कन्नड आणि बाजारात दोन्ही, असा आपल्या भागाचा रिवाज आहे. १९५६ पर्यंत आम्ही आणि पलीकडचे उमरगेकर एकाच हैदराबाद राज्यात होतो. त्या सालच्या १ नोव्हेंबरला ते मुंबई राज्यात गेले, आम्ही म्हैसूर राज्यात आलो. आजोळ एका राज्यात, घर दुसऱ्यात. सोयरिकी मात्र होत्या तशाच चालू राहिल्या, आणि घरेही दोन्हीकडे सारखीच राहिली: दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर किलचा, त्यावर निंबाचा पाला, पाल्यावर माती आणि सगळ्यांत वर पांढरी माती. मराठीत माळवद, कन्नडात माळिगे. उन्हाळ्यात असल्या घरात दुपारी जो गारवा असतो तो स्लॅबच्या घरात पंखा लावूनही मिळत नाही, हे येथे कोणास सांगायला नको.

या माळवदाचा एकच त्रास, ते गळते. म्हणून मृग निघण्यापूर्वी दरवर्षी वर नवी पांढरी माती टाकून चोपून घ्यायची. जुनी माती खाली काढावी असे कोणाच्या मनात येत नसे. पणजोबांनी टाकली, आजोबांनी टाकली, वडील व चुलते टाकीत आले. असे करता करता आमच्या माळवदावर दोन फूट माती जमली होती. तेव्हा त्याचे कोणास काही वाटले नाही. उलट जाड माळवद म्हणजे बळकट घर, अशीच समजूत होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन होऊन लोक दमून झोपलेले होते. लातूर आणि त्या वेळचे उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांतली गावेच्या गावे बसली. हजारो माणसे गेली. आमच्या घरी भांडी फळीवरून पडली, माजघराच्या भिंतीस बोटभर भेग गेली आणि भिंत मध्येच पोट काढल्यासारखी फुगली. माणसांना इजा झाली नाही. परंतु उमरगा तालुक्यातल्या आमच्या आजोळच्या भावकीत चौघे गेले. जमिनीच्या हादऱ्याने ते गेले असे म्हणण्यापेक्षा घराच्या दगडांनी आणि वरच्या मातीने गेले असे म्हणावे लागेल. आमचे मामा दोन दिवस हातांनी माती उकरीत होते. ते पुढे कधीही माळवदाखाली निजले नाहीत.

त्या वेळी आमचे घर एक असून दोन होते. सहा वर्षांपूर्वी वडील आणि थोरले चुलते यांच्यात शेताच्या वाटणीवरून बिनसले होते. माजघराच्या मधोमध विटांचा पडदा उभा राहिला आणि एका घरात दोन चुली झाल्या. आम्ही चुलत भावंडे शाळेच्या वाटेवर बोलत असू, अंगणात आलो की गप्प होत असू. आजी महिनाभर इकडे जेवी, महिनाभर तिकडे. या सभेतल्या कित्येक घरांत असले पडदे आहेत, म्हणून हे सांगण्यात आम्ही संकोच करीत नाही.

१९९४ च्या वैशाखात मामा आले. त्यांच्या भागात सरकारी अभियंते गावोगाव घरे दुरुस्त करण्याची रीत दाखवीत होते. पुढे त्या पुनर्वसनाच्या कार्यक्रमात लाखाहून अधिक घरांची मजबुती घरमालकांनी आपापल्या हातांनी करून घेतली. मामांनी आमच्या ओट्यावर बसून हिशेब मांडला. माजघर दहा फूट बाय पंधरा फूट, माती दोन फूट, म्हणजे तीनशे घनफूट. दाबलेली माती घनफुटास ४५ ते ५० किलो भरते. एकट्या माजघरावर तेरा टनांहून जास्त वजन! त्याखाली बारा माणसे झोपत होती. भिंतीचीही तीच कथा. आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये चिखल आणि चिपा. दोन्ही थरांस बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. हादरा बसला की दोन थर फाकतात आणि वरचे ओझे खाली येते.

माती उतरवायची हे ठरले. पण वडिलांच्या बाजूची उतरवली आणि चुलत्यांच्या बाजूची ठेवली, तर मधल्या भिंतीवर भार एकीकडून येणार. जमीन वाटता येते, चूल वाटता येते. माळवद वाटता येत नाही. गवंड्याने कन्नडात सांगितले ते एवढेच, की दोन्हीकडून सारखी काढणार असाल तर मी येतो, नाही तर माझ्या मजुरांचा जीव मला जड नाही.

सर्वांत मोठा विरोध आजीचा. ती म्हणाली, “ही माती तुमच्या आजानं डोक्यावरून वाहून आणलीय.”

थोरले चुलते खाली मान घालून बसले होते. ते हळूच म्हणाले, “आई, तीच आता लेकरांच्या डोक्यावर पडली तर?”

आजी त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिने दोन्ही सुनांना हाका मारल्या आणि अंगणात निंबाखाली तीन दगडांची एक मोठी चूल मांडायला लावली. “घर उघडं पडणार, धूळ उडणार, आत दोन चुली कशाला पेटवता?” एवढेच बोलली. चुलींचा प्रश्न तिने धुळीवर घालून मिटवला.

काम एकोणीस दिवस चालले. पहाटे साडेचारला सुरू, दहाच्या उन्हात बंद, पुन्हा चारनंतर दिवेलागणीपर्यंत. वर थोरले चुलते, वडील आणि दोन मजूर कुदळीने माती मोकळी करीत; शिडीपासून अंगणापर्यंत आम्ही भावंडे रांगेत उभी. दोन फुटांची माती आठ इंचांवर आणायची होती. पंधरा किलोची पाटी धरली तर एकट्या माजघराच्या सहाशे पाट्या झाल्या. मातीचे थर मात्र पाहण्यासारखे होते. पांढरा, करडा, पुन्हा पांढरा. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे. एका थरात हाली सिक्क्यातला तांब्याचा पैसा निघाला, तो आजीने पदराला बांधला. उतरलेली माती बैलगाडीने शेतात गेली, कारण जुनी पांढरी माती पिकास चांगली.

भिंतीस सुमारे एक मीटर अंतराने भोके पाडली. दोन्हीकडून दगड सैल करून काढायचे, दोन्ही टोकांस आकडे वळवलेली सळई घालायची आणि काँक्रीटने भोक भरायचे, म्हणजे दोन्ही थर एकमेकांस धरून राहतात. फुगलेला भाग टेकू देऊन उतरवला व पुन्हा रचला. वर नवा निंबाचा पाला, काळा प्लॅस्टिकचा कागद, त्यावर पातळ मातीचा थर आणि पन्हळीकडे नीट उतार. माती थोडी ठेवायची तर उतार चोख हवा. मातीने जे काम जाडीवर केले होते, ते आता उतारावर सोपवायचे होते.

आता त्या अंगणातल्या चुलीविषयी. कामाचा हिशेब लिहिताना पाट्या मोजतात, सळया मोजतात. भाकरी कोणी मोजत नाही. आई आणि थोरली काकू रोज पहाटे तीनला उठत. सहा वर्षांत त्या एकमेकींशी कामापुरत्याही बोलल्या नव्हत्या. पहिले दोन दिवस एक थापी, दुसरी भाजी, मध्ये आजी. तिसऱ्या दिवशी अक्कलकोटहून आत्या आली आणि तिच्या बोलण्याने दोघींचीही तोंडे उघडली. सकाळी ताक घातलेली ज्वारीची आंबील, उन्हाच्या आधी पोटात थंडावा म्हणून. दहाला ज्वारीच्या भाकरी, घट्ट तुरीचे वरण, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. चारला कैरीचे पन्हे. रात्री कधी हुलग्याचे माडगे, कधी धपाटे. आपल्या गुलबर्ग्याच्या तुरीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आजीच्या वरणाला ते आम्ही १९९४ मध्येच देऊन बसलो होतो.

थोरल्या चुलत्यांना तिखट चालत नसे. सहाव्या की सातव्या दिवशी आईने न सांगता त्यांच्यासाठी वरणाची निराळी वाटी काढून ठेवली. त्यांनी ती पाहिली, काही बोलले नाहीत, आणि त्या संध्याकाळी वडिलांच्या हातातली कुदळ घेऊन म्हणाले, “तू बस थोडा. तुझी पाठ दुखतेय.” आमच्या घरातला समेट म्हणतात तो एवढाच. कागद झाला नाही, पंच बोलावले नाहीत. शेताची वाटणी जशी होती तशीच राहिली.

विटांचा पडदा काढावा की ठेवावा यावर मात्र चर्चा झाली. गवंडी म्हणाला, हा भार घेत नाही, उगाच उभा आहे. मग तो पाडला आणि त्याच्या विटांची न्हाणी बांधली.

शेवटच्या दिवशी पुरणपोळी आणि आमरस झाला. गवंडी व मजूर आमच्याच पंक्तीत बसले. पुढे तीन रात्रींनी मृगाचा पहिला पाऊस आला. आम्ही सगळे माजघरात कंदील घेऊन वर पाहत बसलो होतो. मध्यरात्रीपर्यंत एक थेंब नाही. मग ईशान्य कोपऱ्यात टप् असा आवाज झाला. वडील व चुलते एकदमच उठले, आणि थोरल्या काकूने तेथे पितळी घंगाळ आणून ठेवले.

आजी १९९९ साली गेली. तांब्याचा पैसा देव्हाऱ्यात आहे. थोरल्या चुलत्यांच्या मुलाने पुढच्या बाजूस स्लॅब घातला, पण माजघर अजून माळवदाचेच आहे. तो ईशान्य कोपरा आजही थोडा गळतो. यंदाही मृगाआधी आम्ही चुलत भावंडे वर चढलो आणि त्या कोपऱ्यावर दोन पाट्या पांढरी माती टाकली. टाकण्यापूर्वी दोन पाट्या जुनी माती मोजून खाली काढली.