डोक्यातील पाण्याची पिशवी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ मी येथे उभा आहे, ते शब्दांच्या बाबतीत फार काटेकोर होते. एका शब्दाने घडवलेला अनर्थ आज त्यांच्याच शाळेत सांगतो.

मी मेंदूचा शल्यचिकित्सक. काही वर्षांपूर्वी आपल्या बेळगावचेच एक गृहस्थ बारा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. पडल्याचे निमित्त होऊन त्याचा सीटी स्कॅन झाला होता. अहवालात 'सिस्ट' होती. घरी तिची 'गाठ' झाली आणि आळीत 'ट्यूमर'. दोन वर्षे मुलाचे खेळणे बंद, सहली बंद. आई रात्र-रात्र उशाशी बसून राही.

ती होती अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट. मेंदूवरच्या कोळिष्टकासारख्या तलम आवरणाच्या पदरांत साठलेले निर्मळ पाणी, बहुधा जन्मापासूनचे. रिचर्ड ब्राइट यांनी १८३१ मध्येच तिचे वर्णन केले होते. परंतु १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागात पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला, आणि त्यानंतर जिवंत माणसाच्या डोक्यात ती सहज दिसू लागली. तोवर कित्येकांनी ती बाळगून संसार केले, त्यांना पत्ताही नव्हता!

जुनी आणि नवी फिल्म मी शेजारी-शेजारी लावली. आकार तोच; डोळ्यांच्या पडद्यावर सूज नाही. मी शस्त्रक्रिया नाकारली. वडील हिरमुसले, काहीच न करणारा डॉक्टर त्यांना नको होता. पण पिशवीला भोक पाडणे किंवा नळी बसवणे म्हणजे रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नळी तुंबणे यांना निमंत्रण.

सर्वच पिशव्या अशा सोशिक नसतात. मेंदूच्या तिसऱ्या पोकळीतील कोलॉइड सिस्ट कर्करोगाची नसूनही पाण्याची वाट अकस्मात अडवते आणि प्राण घेऊ शकते. ती मोठी असेल तर मी थांबत नाही.

वडिलांना कागदावर लिहून दिले: वाढती डोकेदुखी, उलट्या, दृष्टी मंदावणे, फिट, डोक्याला जोराचा मार, यांपैकी काहीही झाले तर तत्काळ या; एरवी वर्षाने एमआरआय. जुन्या फिल्म मात्र रद्दीत घालू नका.

मुलाने एकच विचारले, "क्रिकेट खेळू का?"

मार लागल्यास अशा पिशवीभोवती क्वचित रक्तस्राव होतो, हे मी लपवले नाही. हेल्मेट घाल म्हटले आणि त्याला मैदानावर धाडले. त्या रात्री मलाही झोप लागली नाही, हे आज कबूल करतो.