दुर्मीळ सिनेमाची डीव्हीडी महाग का?
करडीसारखं खेडं असो की कोल्हापूर, घरी डीव्हीडी प्लेअर होता त्यांना २००७ साल आठवत असेल. मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, अन् बाजार हादरला. हे परवडलं, कारण एकदा साचा केला की त्यावर हजारो प्रती छापता येतात. साच्याचा खर्च वाटला जातो.

पण गिऱ्हाईकच मोजकं असेल तर? अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सने मार्च २००९मध्ये वेगळी वाट धरली. मागणी आली की तेवढीच प्रत काढायची. किंमत होती १९.९५ डॉलर. लोक कुरकुरले, कारण मिळायची ती घरच्यासारखी ‘बर्न’ केलेली प्रत. उलटून पाहिलं तर छापील डीव्हीडी चंदेरी दिसते, ही जांभळट.

माझ्या मते पैसा चकतीचा नसतोच. जुनी रिळं सांभाळणं, साफ करणं, स्कॅन करणं, हा खरा खर्च. १९३६चा ‘संत तुकाराम’ घ्या. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट ६० वर्षांचा, म्हणजे तो केव्हाच संपला. तरी चांगली प्रत फुकट तयार होत नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून अशीच रिळं जपतंय.