जयपूर की पुणे?
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



जयपुरात दोन पिढ्या स्थिरावलेल्या एखाद्या मराठी घराची कल्पना करावी. मुलगी नीटमध्ये उत्तम क्रमांकाने उत्तीर्ण झाली आहे. तिच्यासमोर दोन दारे उघडी आहेत. घरापासून जवळ, सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालय. आणि आजोळी, पुण्याचे बैरामजी जीजीभॉय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सारे बी. जे. म्हणून ओळखतात. दोन्ही संस्था जवळजवळ समवयस्क. बी. जे. ला महाविद्यालयाचे रूप १९४६ साली आले. सवाई मानसिंह १९४७ साली सुरू झाले आणि ते राजस्थानातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय ठरले. एकाच्या मागे ससून रुग्णालय उभे आहे, दुसऱ्याच्या मागे सवाई मानसिंह रुग्णालय. विद्वत्तेत डावे-उजवे करणे कठीण. तरीही घरात आठवडाभर वाद चालतो. आजी म्हणते, मुलगी आपल्या माणसांत जाईल. वडील म्हणतात, आपली माणसे इथेच आहेत.

या वादात एक चमत्कारिक गोष्ट पुढे येते. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. उरलेल्या ८५ टक्के त्या त्या राज्याच्या. महाराष्ट्राच्या वाट्यातून प्रवेश हवा तर अधिवासाबरोबर दहावी आणि बारावीही सर्वसाधारणपणे महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण व्हावी लागते. म्हणजे घरात मराठी बोलणारी, गणपतीत आरत्या म्हणणारी ही मुलगी नियमांच्या लेखी राजस्थानची आहे. पुण्यात ती येईल ती परप्रांतीय म्हणून, देशभरच्या स्पर्धेतून.

हा भेद नवा नाही. इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारताबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून अधिक शुल्क घेतले जाई. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्याला आव्हान दिले. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की जन्मस्थान वेगळे आणि निवास वेगळा. निवासावरून केलेला भेद संविधानाला बाधत नाही. ज्या इंदुरात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, तिथेच हा प्रश्न उपस्थित व्हावा, हाही योगायोगच.

तेव्हा भाषेच्या किंवा रक्ताच्या नात्याने महाविद्यालय आपले होत नाही. मग निवडायचे कशावरून? क्रमवारी, वसतिगृह, रेल्वेचे अंतर या गोष्टींची चौकशी पालक करतातच. ज्याची चौकशी सहसा होत नाही तो म्हणजे रुग्ण. वैद्यकाचे विद्यार्थी पुस्तकातून शिकतात त्याहून अधिक खाटेपाशी शिकतात, आणि खाटेवर कोण येते हे प्रदेश ठरवतो.

याचा दाखला जयपुरातच आहे. अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांचे वैद्यकीय शिक्षण आग्र्याचे, पण कर्मभूमी जयपूर. पाय गमावलेले रुग्ण परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय घेऊन जात आणि काही दिवसांनी पुन्हा कुबड्या घेऊन परतत. त्या पायाला बूट लागे. त्यावर मांडी घालून बसता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, चिखलात उभे राहता येत नसे. फारसे शालेय शिक्षण नसलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी सेठींबरोबर रबराचा, घोट्यात वळणारा, अनवाणी चालणारा पाय घडवला. १९६८ च्या सुमाराचा तो ‘जयपूर फूट’. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे संशोधन घडायला शेतात राबणारा, जमिनीवर जेवणारा रुग्ण समोर असावा लागला.

मात्र हा युक्तिवाद फार ताणू नये. डॉ. हिम्मतराव बावस्कर जालना जिल्ह्यातले, एम.बी.बी.एस. नागपूरचे. विंचूदंशावरचे त्यांचे काम सुरू झाले ते कोकणात, महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तांबड्या विंचवाच्या विषाने धडधाकट माणसे त्यांच्यासमोर दगावत होती. ते रुग्ण त्यांना महाविद्यालयाने दिले नव्हते, नोकरीने दिले. म्हणजे अठराव्या वर्षी केलेली निवड आयुष्याची सारी दिशा ठरवत नाही, एवढा दिलासा पालकांनी घ्यायला हरकत नाही.

आता भाषा. जयपूरच्या घरातले मराठी सणांचे, स्वयंपाकघराचे, आजीच्या फोनचे मराठी. ससूनमध्ये आलेली बाई सांगते, ‘मला दिवस गेलेत,’ किंवा ‘अंगावरून पांढरं जातंय.’ शब्द सारे ओळखीचे, अर्थ मात्र हातून निसटतो. आणि प्रसूतिकक्षात निसटलेला अर्थ महागात पडू शकतो. उलट बाजूही आहे. पुण्याहून जयपूरला गेलेल्या विद्यार्थ्याला रुग्ण म्हणतो, ‘जी घबरा रहा है.’ मराठी कान त्यात भीती ऐकतो. रुग्ण मळमळ, अस्वस्थता सांगत असतो. ‘जुलाब’ म्हटले की मराठी माणसाला आजार आठवतो, हिंदी माणसाला बहुधा रेचक औषध. वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इथे: जयपूरच्या बाजारात, शाळेत, शेजारात वाढलेल्या मुलीने रुग्णाची बोली अर्धीअधिक न शिकवता शिकलेली असते. आजीचेही खोटे नाही; पुण्यात ती आजोळच्या भाषेत प्रौढ होईल. पण रात्रपाळीत दोन वाजता रुग्णाचे बोलणे पहिल्याच वेळी समजणे, हा लाभ जयपूरच्या पारड्यात पडतो आणि तो लहान नाही.

एक व्यावहारिक बाब उरते. प्रवेशाच्या पुढच्या फेऱ्यांत स्वीकारलेली जागा सोडून दुसऱ्या यादीत मनमुराद जाता येत नाही, आणि मुदत मोजक्या दिवसांची असते. बंधपत्राच्या अटी, सेवेची वर्षे, जागा सोडल्यास भरायची रक्कम राज्याराज्यांत वेगळी. ती कागदपत्रे निकालाआधीच वाचून ठेवावीत, आणि मुलीला एक सकाळ सवाई मानसिंह रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर बाकावर नुसते बसू द्यावे. जमल्यास एक सकाळ ससूनमध्येही.