बोटीचं इंजिन आणि लाल दोरी

सावनेरात बसून बोटीच्या इंजिनावर बोलतोय म्हटल्यावर तुम्ही विचाराल, आपल्या कोलार नदीच्या पात्रात बोट चालते कुठं? पण रामटेककडे गेलात तर खिंडसी तलावावर मोटरबोटी फिरतात. आणि 23 सप्टेंबर 2023 ला नागपुरात घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा बचाव पथकांना वस्त्यांमध्ये बोटी घालाव्या लागल्या. अशा वेळी बोटीमागचं इंजिन दोरी ओढून सुरूच झालं नाही तर?

संत्र्याच्या बागेतला पेट्रोलचा फवारणी पंप ज्यानं खोललाय, त्याला हे इंजिन परकं नाही. दोरी ओढली की चुंबकवालं फ्लायव्हील फिरतं, खालच्या कॉइलमध्ये वीज तयार होते, सीडीआय नावाचा इलेक्ट्रॉनिक डबा ती साठवून नेमक्या क्षणी सोडतो, इग्निशन कॉइल तिला हजारो व्होल्टवर नेते आणि प्लगवर ठिणगी पडते. यात बॅटरी आली का कुठं? बहुतेक लहान इंजिनांत नाहीच. म्हणून ‘बॅटरी उतरली, इंजिन लागत नाही’ म्हणणाऱ्याला मी आधी दोरी ओढायला लावतो.

प्लगला करंट नसेल तर सीडीआय आणायला धावू नका, तो महाग असतो. चालवणाऱ्याच्या मनगटाला एक लाल दोरी असते. तो पाण्यात पडला तर इंजिन बंद व्हावं म्हणून. तिची क्लिप इंजिन बंद करणाऱ्या स्विचवर नसली की ठिणगी येतच नाही. मी एकदा अर्धा दिवस कॉइली मोजत बसलो होतो, आणि क्लिप मालकाच्या खिशात! क्लिप जागेवर असेल तर स्विचची तार सीडीआयपासून तात्पुरती सोडवून बघा. ठिणगी आली तर दोष स्विचकडे. मात्र स्पार्क टेस्टर वापरा. पेट्रोलच्या वाफेजवळ उघडा प्लग नको. थंड असताना ठीक आणि तापल्यावर बंद, असं असेल तर कॉइल तापलेली असतानाच मोजा.

बॅटरी असलेल्या इंजिनांत चार्जिंगचं प्रकरण वेगळं. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू असताना साधारण 13.5 ते 14.5. आकडा हललाच नाही तर आधी हिरवट पडलेली टर्मिनलं आणि अर्थिंग घासा, मग स्टेटर, म्हणजे चार्जिंगची कॉइल, तपासा, मग रेक्टिफायर. चालत्या इंजिनात बॅटरीची तार काढून चार्जिंग बघायची काहींना सवय असते. इथं तसं केलं तर रेक्टिफायर जळू शकतो.

आणि हो, इंजिन चालवून बघताना खालचा भाग ड्रमभर पाण्यात बुडवा, नाहीतर आतल्या पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा जळतो. फवारणीचा ड्रम चालेल, फक्त आधी स्वच्छ धुऊन घ्या.