कानांनी पाहिलेले दुखणे



स्टेथॉस्कोप कानाला लावला म्हणजे तपासणी सुरू झाली, असा पुष्कळांचा समज असतो. खरे पाहता, रोगी दवाखान्याचा जिना चढू लागला की आम्हां डॉक्टरांचे काम सुरू होते. तो कितव्या पायरीवर थांबला, बोलताना वाक्य एका दमात पुरे झाले की मध्येच तुटले, हे आमचा कान आधीच टिपून घेतो.

आमची ही विद्या जन्मलीच मुळी साध्या आवाजांतून. ऑएनब्रुगर हा खाणावळवाल्याचा मुलगा. पिंप वाजवून आतले द्रव्य कुठवर आहे हे ओळखतात, तशी छाती बोटांनी वाजवून पाहण्याची रीत त्याने १७६१ साली व्हिएन्नात प्रसिद्ध केली. पुढे १८१६ साली पॅरिसच्या लेनेकने कागदाची सुरळी करून रोग्याच्या हृदयाचे ठोके ऐकले. त्या सुरळीचाच पुढे स्टेथॉस्कोप झाला.

पण आम्ही रोग्यापाशी असतो घटकाभर. घरची माणसे असतात रात्रभर. डांग्या खोकल्याची ढास सरताच श्वास आत ओढताना येणारा तो लांब आवाज, किंवा घसा आतून सुजल्यावर कुत्र्याच्या भुंकण्यासारखा येणारा खोकला, हे बहुधा रात्री ऐकू येतात. सकाळी दवाखान्यात तेच मूल गप्प बसलेले असते. अशा वेळी आईने त्या खोकल्याची नक्कल करून दाखवावी; मोबाइलवर तो टिपून आणला तर अधिकच उत्तम. त्यात संकोच कसला?

आणि एक गोष्ट मनात पक्की धरावी. आवाज थांबला म्हणजे दुखणे थांबले, असे नव्हे. दम्याच्या जोराच्या झटक्यात छातीतली सूं सूं बंद पडली आणि रोगी मात्र थकत चालला, तर वाराच आत-बाहेर होईनासा झाला आहे असे समजावे व तडक इस्पितळ गाठावे. रडणाऱ्या मुलापेक्षा रडण्याचेही त्राण न उरलेले मूल आम्हांला अधिक भिववते.

खोकणारे मूल शांत असताना घड्याळ लावून पुरा एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ, वर्षाच्या आतल्याचे पन्नास, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा त्याहून अधिक भरले, तर सकाळची वाट पाहू नका. डॉक्टरला उठवा. रात्री दार वाजले म्हणून आम्ही रागावत नाही. ते वाजायला उशीर झाला, याचे दुःख मात्र फार दिवस राहते.