बारा गाण्यांची तबकडी

अमेरिकेच्या दक्षिण भागांतील खेड्यापाड्यांतून जें लोकगायन निघालें व पुढें नभोवाणीच्या द्वारें देशभर पसरलें, त्यास तिकडे 'कंट्री म्युझिक' असें म्हणतात. टेनेसी राज्यांतील नॅशव्हिल हें शहर त्याची राजधानीच होय. तेथील नभोवाणी केंद्रावरून १९२५ सालीं सुरू झालेला 'ग्रँड ओल ऑप्री' हा जलसा आजही चालू आहे. या परंपरेंतील पॅट्सी क्लाइन या गायिकेच्या एका तबकडीविषयीं आज आपणांस चार शब्द सांगावयाचे आहेत. तबकडीचें नांव अगदीं साधें : 'पॅट्सी क्लाइन्स ग्रेटेस्ट हिट्स', म्हणजे पॅट्सीचीं सर्वांत गाजलेलीं गाणीं. डेक्का कंपनीनें ती १९६७ सालीं काढली. तींत बारा गाणीं आहेत व तीं सर्व ऐकावयास अर्ध्या तासाहून फारसा अधिक वेळ लागत नाहीं. ती बाजारांत आली तेव्हां गायिकेला जाऊन चार वर्षें झालीं होतीं.

पॅट्सीच्या हयातींत तिचे तीनच मोठे संग्रह निघाले : १९५७, १९६१ आणि १९६२ सालीं. परंतु लोकांच्या घरांत ती पोहोंचली ती या, इतरांनीं निवडलेल्या संग्रहानें. त्याच्या एक कोटी प्रती खपल्याचें तेथील व्यावसायिकांच्या संघानें २००५ सालीं प्रमाणित केलें आहे. आपल्याकडे असा अनुभव ग्रंथांच्या बाबतींत आलेला आहे. परशुरामतात्या गोडबोले यांचें 'नवनीत' १८५४ सालीं निघालें, आणि पुढें कित्येक विद्यार्थ्यांना मोरोपंत व वामनपंडित भेटले ते त्याच पुस्तकाच्या दारांतून. ज्यानें सारा जन्म वर्गांत वेचे शिकविण्यांत घालविला, अशा माझ्यासारख्या माणसाच्या मनांत मग सहजच प्रश्न उभा राहतो, कीं अशा निवडीवरून कलावंत कितपत कळतो ?

पॅट्सीचें मूळ नांव व्हर्जिनिया हेन्स्ली. ८ सप्टेंबर १९३२ रोजीं व्हर्जिनिया राज्यांतील विंचेस्टर येथें तिचा जन्म झाला. बाप घर सोडून गेला. आई शिवणकाम करून संसार चालवी. मुलीनें शाळा सोडली, औषधांच्या दुकानांत नोकरी धरली व रात्रीं ती जलशांतून गाऊं लागली. तिचे रंगमंचावरचे पोशाखही आईच शिवीत असे.

१९५४ सालीं तिनें फोर स्टार नांवाच्या कंपनीशीं करार केला. त्यांतील एक अट तिला फार महाग पडली. ज्या गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क त्या कंपनीकडे असतील, तेवढींच गाणीं तिनें गावयाचीं, अशी ती अट होती. कुळानें बियाणें सावकाराच्याच दुकानांतून घ्यावें, मग तें किडकें कां असेना, तसलाच हा प्रकार ! या कराराखालीं तिनें सुमारें पन्नास गाणीं गाइलीं. त्यांपैकीं खरोखर गाजलें तें एकच, 'वॉकिन आफ्टर मिडनाइट'. जानेवारी १९५७ मध्यें दूरचित्रवाणीवरील एका स्पर्धेंत तें गाऊन ती पहिली आली व तिचें नांव देशभर झालें. त्यानंतर मात्र जवळजवळ चार वर्षें तिच्या एकाही गाण्यानें पुन्हां तसें यश मिळविलें नाहीं.

१९६० सालीं हा करार संपला आणि डेक्काशीं तिचा प्रत्यक्ष करार झाला. ध्वनिमुद्रणाचीं सूत्रें पूर्वींप्रमाणेंच ओवेन ब्रॅडली यांच्या हातीं राहिलीं. गळा तोच आणि मार्गदर्शकही तोच. बदललें तें एवढेंच, कीं आतां कोणाच्याही लेखणींतून उतरलेलें गाणें तिच्यापर्यंत येऊं शकत होतें. नोव्हेंबर १९६० मध्यें तिनें 'आय फॉल टु पीसेस' गाइलें. हें गाणें तिच्या प्रथम मनांत भरलें नव्हतें; तरी पुढच्याच वर्षीं कंट्री गाण्यांच्या यादींत तें पहिल्या स्थानीं जाऊन बसलें.

त्या यशाच्या ऐन भरांत, १४ जून १९६१ रोजीं, नॅशव्हिल येथें मोटारींची टक्कर होऊन तिला भयंकर दुखापत झाली. कपाळावर खोल जखमा झाल्या, बरगड्यांना मार बसला. ऑगस्टमध्यें ती ध्वनिमुद्रणास उभी राहिली तें विली नेल्सन या त्या वेळीं फारसें नांव नसलेल्या कवीचें 'क्रेझी' हें गाणें घेऊन. तीन तासांच्या बैठकींत चार गाणीं उरकावयाचीं, ही तेथील त्या वेळची रीत. परंतु वरच्या स्वरांवर श्वास धरतांना तिच्या बरगड्या दुखत. अखेर ब्रॅडली यांनीं वादकांचें काम तेवढें पुरें करून घेतलें. पुढें ती परत आली व त्या तयार वाद्यसंगतीवर तिनें आपला आवाज चढविला. आज आपण ऐकतों तें हेंच गाणें. त्यांत रडण्याचा सूर नाहीं. शब्दावर जरा रेंगाळून, ठेक्याच्या किंचित् मागें राहून ती गाते, आणि पियानो व पुरुषांचे मंद स्वर तिला जपून साथ देतात.

५ मार्च १९६३ रोजीं, कॅन्सस सिटी येथें एका दिवंगत निवेदकाच्या कुटुंबास मदत म्हणून झालेल्या जलशांत गाऊन परततांना, टेनेसींतील कॅम्डेन गांवाजवळ तिचें लहानसें विमान कोसळलें. आंतील चौघेही दगावले. पॅट्सीचें वय अवघें तीस वर्षांचें होतें. १९७३ सालीं कंट्री संगीताच्या कीर्तिमंदिरांत तिला स्थान मिळालें. एकट्या गायिकेस असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

श्रोतेहो, आतां पुन्हां त्या बारा गाण्यांकडे वळूं. तीं सर्वच्या सर्व नोव्हेंबर १९६० ते फेब्रुवारी १९६३ या सव्वादोन वर्षांच्या अवधींत ध्वनिमुद्रित झालेलीं आहेत. कंपनीनें निवड केली ती खपावर नजर ठेवून. कराराचा इतिहास सांगण्याचा तिचा हेतु खचित नव्हता. तरीही त्या यादींतून तो इतिहास आपोआप उमटला आहे. बंधनांत असतांना गाइलेल्या पन्नास गाण्यांतलें एकही मूळ ध्वनिमुद्रण येथें नाहीं. गुण तिच्या अंगीं होताच. त्याला हवें तें गाणें निवडण्याची मोकळीक मिळाली ती मात्र आयुष्याच्या अगदीं शेवटीं. अशीं सव्वादोन वर्षेंच ज्यांच्या वांट्याला आलीं नाहींत, असे गळे किती असतील, हा विचार ही तबकडी ऐकतांना मनाला चाटून जातो.

निवडीनें एक अन्यायही केला आहे, तो असा. चांचपडणारी, चुकीच्या गाण्यांशीं झुंजणारी पांच वर्षांची पॅट्सी या संग्रहांतून नाहींशी झाली आहे. 'वॉकिन आफ्टर मिडनाइट' येथें आहे. पण तें ऑगस्ट १९६१ मध्यें, अपघातानंतर, पुन्हां गाइलेलें आहे. पहिलें ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९५६ मधील. त्यांत स्टील गिटार पुढें आहे आणि चोवीस वर्षांच्या मुलीचा धीट, मोकळा आवाज आहे. दुसऱ्यांत आवाज अधिक गोलाईदार असून पाठीमागें पुरुषांचा वृंद आहे. ज्यांना सवड असेल त्यांनीं ही बारा गाण्यांची तबकडी अवश्य ऐकावी; आणि ती संपल्यावर तें जुनें ध्वनिमुद्रण मिळवून दोन्हीं गाणीं एकामागून एक लावून पाहावीं. एकाच गायिकेच्या त्या दोन आवाजांमध्यें जीं वर्षें गेलीं, त्यांची हकीकत कोणीं न सांगतां आपल्या कानांनाच कळेल.