अख्खं घर ओढून नेणारी माणसं

मागच्या महिन्यात मी भाड्याची खोली बदलली. कपाट जिन्यात अडकलेलं, खाली टेम्पोवाला हॉर्न मारतोय, आणि मी मनात म्हणतोय, राव, सामान काढण्यापेक्षा अख्खी खोलीच उचलून नेता आली असती तर! तर मंडळी, असं खरंच करणारी माणसं आहेत.

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाच्या दक्षिणेला चिलोए नावाची बेटं आहेत. पाऊस भरपूर, जंगल भरपूर, म्हणून घरं लाकडाची. भिंतींवर बाहेरून माशाच्या खवल्यांसारख्या छोट्या फळ्या. आणि मेन गोष्ट म्हणजे, जुन्या घरांना आपल्यासारखा खोल पाया नाही. घर लाकडी ठोकळ्यांवर नुसतं टेकलेलं. त्यामुळे जमीन विकली, वाटण्या झाल्या, किंवा घराच्या जागेत भूत आहे असं वाटलं, तरी घर सोडायचं नाही. सोबत न्यायचं.

आधी घर हलकं करतात. चूल, काचा, जड सामान बाहेर. मग आतून तिरके-आडवे वासे ठोकतात, कारण ओढताना सांगाडा पिळवटला की खेळ खल्लास. घराखाली लांब ओंडके सरकवायचे, साखळ्या बांधायच्या, पुढे बैलांच्या जोड्या. सगळ्या जोड्यांनी एकाच वेळी जोर लावायला हवा. एक बाजू पुढे गेली आणि दुसरी मागे राहिली, तर घर वाकडं होतं. मग आरडाओरडा, इशारे, चिखल, करकरणारं लाकूड... ऐकूनच पोटात गोळा येतो ना?

थांबा, अजून आहे. दुसऱ्या बेटावर जायचं असेल तर? ओहोटीला घर किनाऱ्यावर आणून ठेवायचं, तरंगायला रिकामी पिंपं बांधायची आणि भरतीची वाट बघायची. तिथल्या आतल्या समुद्रात भरती-ओहोटीचा फरक काही ठिकाणी सहा-सात मीटर असतो, म्हणजे जवळपास दोन मजले! पाणी चढतं, घर तरंगतं, होड्या ओढू लागतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, छप्पर पोहायला निघालंय. पण घरवाल्याचा जीव टांगणीला. भरती कुणासाठी थांबत नाही. उशीर झाला की घर मध्येच चिखलात रुतलं म्हणून समजा.

या सगळ्याला ‘मिंगा’ म्हणतात. शब्द केचुआ भाषेतला. मजुरी कुणालाच नाही. घरवाल्याने सगळ्यांना जेवू घालायचं. जमिनीत खड्डा, त्यात तापलेले दगड, त्यावर शिंपले, मांस, बटाटे, वरून मोठाली पानं. हा त्यांचा ‘कुरांतो’. पण मजुरी नाही म्हणजे फुकट नाही हं! उद्या शेजाऱ्याची हाक आली की आपले बैल घेऊन जायचंच.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडची इर्जिक! एकाच्या शेतात गावाचे नांगर, बैल जमायचे, संध्याकाळी मालकाकडून जेवण. माझ्या आजोबांनी इर्जिकीला नांगर धरलाय. मी मात्र कपाट उतरवताना शेजारच्या दारावर थापसुद्धा मारली नाही. टेम्पोवाल्याला जास्तीचे तीनशे दिले आणि विषय संपवला. त्या शेजाऱ्याचं नाव मला आजही माहीत नाही.

आता मिंगा कमी झाल्यात, काही तर पर्यटकांना दाखवायला होतात. मला ते थोडं खटकतं, पण घर ओढताना चिखल तोच असणार.

तुमच्या घरात कुणी इर्जिक पाहिली असेल, तर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.